अ‍ॅप हिरवं होतं, तरी कोरोना घरात आला: समूह संसर्ग म्हणजे नक्की काय?

२०२० च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे २२ ऑगस्टला, संध्याकाळच्या आरतीला माझे चार मित्र घरी आले होते. सगळे इंजिनिअरिंगपासूनचे. मार्चपासून आमची भेट फक्त व्हिडिओ कॉलवर. चौघंही गाडीवरून येताना व्यवस्थित मास्क लावून आले, दारात सॅनिटायझर घेतलं आणि आत आल्यावर मास्क काढून खिशात ठेवले. मोदक खायचे होते ना! बाहेर पाऊस होता म्हणून आईने हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या. मोठमोठ्याने आरत्या झाल्या, मग दोन तास गप्पा. कोणालाही साधी शिंकसुद्धा नव्हती.

२६ तारखेला त्यातल्या एकाला कसलाच वास येईना. २८ ला त्याने स्वॅब दिला, २९ ला रिपोर्ट आला. तोपर्यंत इकडे बाबांना ताप चढला होता. मी आणि बाबा पॉझिटिव्ह निघालो, आई निगेटिव्ह. मला शेवटपर्यंत काहीही झालं नाही, पण बाबांचा ऑक्सिजन २ सप्टेंबरच्या रात्री ९० च्या खाली गेला. मी खोलीत बंद, बाहेर आई आणि मावसभाऊ. त्या रात्री बेडसाठी आम्ही तिघं मिळून सहा तास फोन करत होतो. पहाटे एक बेड मिळाला. बाबा नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. आता घरी आहेत, हॉलमध्ये हळूहळू फेऱ्या मारतात आणि अजून दम लागतो.

या सगळ्या काळात प्रत्येक नातेवाइकाने एकच प्रश्न विचारला, 'पण आला कुठून रे?' आणि मी मनातल्या मनात विचारत होतो, माझ्या फोनवरचं आरोग्य सेतू तर हिरवं होतं, मग मी 'सेफ' कसा नव्हतो? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते नीट समजून घ्यायला मला आजारी पडावं लागलं, तुम्हाला पडायला लागू नये म्हणून लिहितोय.

साखळी दिसत होती तेव्हा

महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्चला. दुबईहून सहलीवरून आलेलं एक जोडपं. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी असे आणखी तिघं पॉझिटिव्ह आले. डेटा स्ट्रक्चर शिकलेल्यांनी हे झाड डोळ्यासमोर आणा. मूळ माहीत आहे, प्रत्येक फांदी माहीत आहे. अशा वेळी काम सरळ असतं. फांद्या शोधा, त्यांना नायडू रुग्णालयात न्या, त्यांच्या संपर्कातल्यांना घरी बसवा. याला कॉन्टॅक्ट ट्रेसिंग म्हणतात आणि साखळी छोटी असते तोवर ते फार छान चालतं.

मार्चच्याच तिसऱ्या आठवड्यात परदेशात अजिबात न गेलेली एक महिला पुण्यात पॉझिटिव्ह आली आणि शहरात पहिल्यांदा कुजबुज सुरू झाली, 'मग हिला कोणाकडून?' एखाद्या रुग्णाचं मूळ सापडलं नाही म्हणून लगेच समूह संसर्ग झाला असं होत नाही. पण रोज येणाऱ्या रुग्णांपैकी मोठ्या हिश्श्याच्या बाबतीत 'कोणाकडून' हा रकाना रिकामा राहायला लागला की समजायचं, झाड आता झाड राहिलेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक नोंदीला पॅरेंट आयडी असायला हवा आणि निम्म्या नोंदींत तो नल आहे.

जागतिक आरोग्य संघटना यासाठी चार पायऱ्या मानते: एकही रुग्ण नाही, तुरळक रुग्ण, रुग्णांचे पुंजके आणि समूह संसर्ग. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी १७ जुलैला तिरुवनंतपुरमजवळच्या किनाऱ्यावरच्या दोन वस्त्यांमध्ये, पूंथुरा आणि पुल्लुविळा इथे, समूह संसर्ग झाल्याचं उघडपणे मान्य केलं. केंद्र सरकार मात्र तेव्हा देशात समूह संसर्ग नाही असंच सांगत होतं. हा वाद बातम्यांमध्ये पुष्कळ रंगला. मला विचाराल तर आपल्यासारख्यांसाठी त्या शब्दावर शिक्का कोण मारतो हे महत्त्वाचं नाही. महापालिकेकडून मला फोन आला, 'तुमच्या संपर्कात कोण कोण आलं?' मी सहा-सात नावं सांगितली. 'आणि तुम्हाला कोणाकडून झाला असेल?' मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही. वास गेलेला मित्र आमच्याकडे यायच्या आधीच बाधित असेल. किंवा बाबा २० तारखेला मंडईत गणपतीचं सामान आणायला गेले होते, त्यांच्याकडून आम्हा सगळ्यांना आणि त्या मित्रालाही गेला असेल. किंवा मीच आणला असेन आणि मला लक्षणंच आली नसतील. कागदावर बाण काढून बघितले, पाच वेगवेगळी चित्रं तयार झाली आणि पाचही बरोबर वाटत होती.

५१.५ टक्के: सगळ्यात जास्त चुकीचा वाचलेला आकडा

२० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात पुण्यात सिरो सर्वेक्षण झालं. आयसर पुणे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, महापालिका आणि इतर काही संस्था त्यात होत्या. पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांचं रक्त तपासलं आणि त्यातल्या ५१.५ टक्के लोकांमध्ये कोरोनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे या लोकांना कधी ना कधी संसर्ग होऊन गेला होता.

१७ ऑगस्टला हा आकडा आला आणि आमच्या ग्रुपवर फटाके फुटले. 'निम्म्या पुण्याला होऊन गेलाय, हर्ड इम्युनिटी आली, आता कशाला मास्क?' खोटं कशाला बोलू, मीपण त्या मेसेजला हसरा इमोजी टाकला होता. पाच दिवसांनी गणपती बसले.

आता जरा आकडा उघडून बघू. हे पाच प्रभाग मुद्दामच जास्त रुग्ण असलेल्या भागांतून निवडले होते. त्यामुळे ५१.५ टक्के हा 'पुण्याचा' आकडा नाही, तो त्या प्रभागांचा आहे. त्या पाचातही एका ठिकाणी ३६.१ टक्के तर लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के, एवढा फरक. कोथरूड किंवा बाणेरच्या सोसायटीत बसून हा आकडा आपल्याला लावून घेणं म्हणजे सर्व्हरचा लोड बघून स्वतःच्या लॅपटॉपची बॅटरी ठरवण्यासारखं आहे.

पण आकड्यातली खरी बातमी वेगळीच होती. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, त्यातल्या बहुतेकांची कधी चाचणीच झाली नव्हती. ते कुठल्याच यादीत नव्हते. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. म्हणजे आपण रोज संध्याकाळी जो आकडा बघायचो, त्याच्या कितीतरी पट लोक लक्षणांशिवाय किंवा 'साधा व्हायरल' समजून फिरत होते. जो आकडा आम्ही 'संपलं एकदाचं' म्हणून वाचला, तो खरं तर 'समोरचा बाधित आहे का हे आता कोणालाच, त्याला स्वतःलाही, सांगता येणार नाही' असं सांगत होता. आणि संसर्ग संपला नव्हता हे तर लगेच दिसलं. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुणे जिल्ह्याच्या एकूण रुग्णांनी दोन लाखांचा टप्पा ओलांडला आणि शहरात ऑक्सिजनच्या बेडसाठी धावाधाव सुरू झाली.

मग अ‍ॅप काय करत होतं?

आरोग्य सेतू २ एप्रिलला आलं. मेमध्येच त्याने दहा कोटी डाउनलोड ओलांडले, सप्टेंबर २०२० पर्यंत ते पंधरा कोटींच्या आसपास होते. तत्त्व सोपं होतं. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांचा आयडी नोंदवायचे. पुढे त्यातला एक जण पॉझिटिव्ह आला तर मागच्या काही दिवसांत त्याच्याजवळ आलेल्या फोनना इशारा जायचा. कल्पना उत्तम होती आणि मी तेव्हाही अ‍ॅप काढून टाका असं अजिबात सांगत नव्हतो. पण हिरव्या रंगाचा अर्थ काय, हे समजून घ्यायला हवं.

समजा पुण्यात दहापैकी चार लोकांच्या फोनमध्ये हे अ‍ॅप चालू आहे. तर दोन माणसांची भेट नोंदवली जाण्याची शक्यता किती? चाळीस टक्के नाही. कारण दोघांकडेही अ‍ॅप लागतं. म्हणून ०.४ गुणिले ०.४, म्हणजे १६ टक्के. शंभर भेटींपैकी चौऱ्याऐंशी भेटी अ‍ॅपला दिसल्याच नाहीत. दहापैकी दोघांकडेच असेल तर दिसणाऱ्या भेटी फक्त चार टक्के. त्यात ब्लूटूथला भिंत कळत नाही. शेजारच्या फ्लॅटमधला फोन त्याला तुमच्याजवळ वाटू शकतो आणि मागच्या खिशात ठेवलेला मित्राचा फोन लांब वाटू शकतो, कारण आपलं शरीर सिग्नल खातं.

माझ्या बाबतीत तर चूक सरळ माझीच होती. बॅटरी वाचावी म्हणून मी ब्लूटूथ बंद ठेवायचो, आणि अ‍ॅपमधल्या लक्षणांच्या प्रश्नांची उत्तरं शेवटची मे महिन्यात दिली होती. हिरवा रंग म्हणजे 'तू पॉझिटिव्ह माणसाजवळ गेलास असं माझ्या नोंदीत नाही', एवढंच. नोंद नसणं आणि घटना न घडणं यातला फरक रोज लॉग वाचणाऱ्या माझ्यासारख्याला कळायला नको?

आणि सगळं नीट चालू असतं तरी वेळेचं गणित आहेच. संसर्ग झाल्यापासून लक्षणं यायला तेव्हा साधारण पाच दिवस लागायचे, कधी चौदापर्यंत. मग माणूस एक-दोन दिवस 'पावसात भिजलो असेन' म्हणतो. मग स्वॅब, मग रिपोर्ट, मग इशारा. आठवडा गेला. आता यातली खरी गोम ऐका: बाधित माणूस सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो तो लक्षणं येण्याच्या एक-दोन दिवस आधी आणि ती आल्या आल्या. म्हणजे इशारा येईपर्यंत पसरवायचं ते पसरवून झालेलं असतं. साखळी दिसत होती तेव्हा ट्रेसिंग विषाणूच्या पुढे धावू शकत होतं. समूह संसर्गात ते बहुतेक वेळा मागूनच येतं.

म्हणून मास्क. मास्कला कोणाची ओळख लागत नाही, रिपोर्ट लागत नाही, डेटा लागत नाही. 'कोण बाधित आहे' याचं उत्तर माहीत नसताना चालणारी आपल्याकडची ही एक स्वस्त गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, स्प्रिंगफील्ड गावातल्या एका सलूनमध्ये मे महिन्यात दोन केशकर्तनकार बाधित होत्या आणि लक्षणं असूनही काम करत होत्या. दोघींनी मिळून १३९ ग्राहकांचे केस कापले. इतक्या जवळून! पण त्या आणि ग्राहक सगळे मास्क लावून होते. ज्या ६७ ग्राहकांनी चाचणी करून घेतली त्यातला एकही पॉझिटिव्ह आला नाही. याच्या उलट वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. बंद हॉल, मास्क नाहीत, ६१ लोक आणि त्यातला एक आजारी. नंतर आणखी ५२ जणांना कोरोना झाला, काहींचा चाचणीने सिद्ध झालेला, काहींचा लक्षणांवरून ठरवलेला. दोघं गेले. हे वाचताना मला आमच्या बंद खिडक्या आणि आरत्या आठवल्या, आणि पुढचं काही वेळ वाचवेना.

(जाता जाता: झडप असलेला एन-९५ घालून मिरवत असाल तर तो बदला. झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर येतो, म्हणजे तुम्ही बाधित असाल तर समोरच्याला त्याचा उपयोग नाही. केंद्र सरकारनेही जुलै २०२० मध्ये असे मास्क वापरू नका असं राज्यांना कळवलं होतं.)

पुणेकर ऐकत का नव्हते?

'लोकांना शिस्तच नाही' असं म्हणून हा विषय संपवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तोंडाला फडकं बांधायचं पुण्याला वावडं असतं तर गोष्ट वेगळी. इथल्या मुली वर्षानुवर्षं ऊन आणि धुळीसाठी स्कार्फ बांधून गाडी चालवतात. हां, २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणारं शहरही हेच, त्यामुळे सक्ती शब्द ऐकला की आपल्या अंगात काहीतरी येतं हे मान्य.

पण तेव्हा एकदा चौकात उभं राहून बघायला हवं होतं. एकटा माणूस मोकळ्या हवेत गाडीवर चाललाय, मास्क घट्ट. पुढे अमृततुल्यला थांबला, चार मित्र भेटले, मास्क हनुवटीवर. फोन आला, बोलायला मास्क खाली. ऑफिसच्या केबिनमध्ये एसी लावून मीटिंग, मास्क टेबलावर. म्हणजे जिथे गरज सगळ्यात कमी तिथे मास्क होता आणि बोलायची वेळ आली की नाही. असं का? कारण पाचशे रुपयांचा दंड रस्त्यावर व्हायचा. पोलीस रस्त्यावर होते, विषाणू गप्पांमध्ये होता. आपण दंडाला धरून वागायला शिकलो. माझे चार मित्रही तसेच आले होते, रस्त्यावर मास्क आणि घरात खिशात. 'घरचेच तर आहेत' हे वाक्य आमच्या डोक्यात पक्कं होतं. ओळखीच्या माणसाला आपण मनातल्या मनात निगेटिव्ह ठरवून टाकतो.

दुसरं कारण फीडबॅकचं. कोड चुकला की एरर लगेच दिसते, म्हणून आपण शिकतो. इथे चूक आज होते, एरर दहा दिवसांनी येते आणि तीही दुसऱ्याच्या मशिनवर. मी मास्क काढला, ऑक्सिजन बाबांचा उतरला. त्यात दहापैकी नऊ वेळा काहीच होत नाही, म्हणून दरवेळी वाटतं की आपलं बरोबरच होतं.

तिसरं कारण भीती. ती विषाणूची कमी आणि सोसायटीची जास्त. आमच्या शेजारच्या इमारतीत एका कुटुंबाने रिपोर्ट चार दिवस लपवला, कारण आधीच्या पॉझिटिव्ह कुटुंबाचं दूध आणि कचरा दोन्ही बंद झालं होतं. पुण्याला हे नवीन नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सैनिक घरात घुसून तपासणी करायचे, माणसांना उचलून न्यायचे, म्हणून लोकांनी रुग्ण लपवले. राग इतका साठला की त्या वर्षी २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तोही १८९७ चाच. शिक्षा आणि बदनामी समोर दिसली की माणूस चाचणीला जात नाही आणि मग नल असलेल्या नोंदी आणखी वाढतात.

आणि बेशिस्तीचं बोट बऱ्याचदा चुकीच्या दिशेला जातं. लोहियानगर-कासेवाडीतले ६५ टक्के बघून 'वस्तीतले लोक पाळत नाहीत' म्हणणारे मला भेटलेत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथे सहा फूट अंतर कुठून आणायचं? कामावर गेलं नाही तर पगार नाही, चौदा दिवस घरात कोण बसणार? ज्यांना अंतर ठेवणं शक्य होतं, ज्यांचं काम लॅपटॉपवर घरून चालू होतं, ते आम्ही होतो. आम्ही खिडक्या लावून बसलो.

त्यामुळे मी आता तीन गोष्टी बघतो: जागा बंद आहे का, बोलणं किती वेळ चालणार आणि मास्क नाकावर आहे का. टपरीवर लांब उभं राहून चहा प्यायला मला हल्ली फारशी भीती वाटत नाही, बंद कॅफेची वाटते. दारात सॅनिटायझर दिलं म्हणून निर्धास्त होणं तर सोडूनच दिलंय, हवेतून येणाऱ्या गोष्टीला ते काय करणार? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं पथक तेव्हा आमच्याकडे आलं. त्यांच्यासाठी आईने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग दार.

२०२० ची आयपीएल सुरू झाली तेव्हा मित्र पुन्हा शनिवारी भेटायचं म्हणायला लागले. मी सांगितलं, मॅच गच्चीवर बघू, खुर्च्या लांब, मास्क लावून, आणि खायचं ज्याने त्याने आपापल्या घरून जेवून यायचं. ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग वास गेलेल्या मित्राने विचारलं, 'गच्चीवर वायफाय येतं का?' राउटर जिन्यात आणून ठेवला, दोन काड्या दिसल्या.